शुगरचं मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतंय? नवं घ्यायच्या आधी हे तपासा

ग्लुकोमीटर बिघडलं म्हणून दुकानात घेऊन येणाऱ्यांपैकी फार थोड्यांचं मशीन खरंच बिघडलेलं असतं. सांगलीत औषधाच्या दुकानात बसून बसून आता मला सवयच लागली आहे: आधी माणसाचे हात बघायचे, मग स्ट्रिपची डबी मागायची, मशीन सगळ्यात शेवटी. तक्रार मात्र ठरलेली असते. "दादा, आत्ता १८२ दाखवलं, लगेच परत बघितलं तर १५१. खरं कुठलं धरायचं?" नाहीतर, "लॅबमधी १४० आलं आन् हे १६५ म्हणतंय. बदलून द्या की."

बदलून द्यायला माझी ना नाही. पण पंधरा दिवसांनी नव्या मशीनची तीच तक्रार घेऊन तेच काका परत येतात, म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतो. ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने तपासत गेलात तर बहुतेकांचं उत्तर अर्ध्या वाटेतच सापडेल.

तपासत बसायचं नाही अशा दोन वेळा

दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, एकाएकी कडकडून भूक, बोलण्यात गोंधळ, असं काही होत असेल आणि मशीन ७० च्या खाली दाखवत असेल, तर मशीन बरोबर की चूक हा प्रश्न नंतर. चहाचे तीन चमचे भरून साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्या, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. १५ मिनिटांनी परत तपासा, आकडा अजून ७० च्या खालीच असेल तर परत तेवढंच घ्या. मशीन हाताशी नसेल तरी लक्षणांवरूनच साखर घ्यावी. आपल्याकडे अशा वेळी पेढा नाहीतर चॉकलेट तोंडात कोंबतात. त्यातल्या दुधा-तुपामुळे साखर रक्तात उतरायला उशीर होतो.

एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल (पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात नाव असतं, बऱ्याचदा दुसऱ्या औषधाबरोबर एकत्र), तर साखर आणि गूळ दोन्ही उपयोगाला उशिरा येतात, कारण ते फोडण्याचं आतड्यातलं कामच ही गोळी मंद करते. अशांनी ग्लुकोज पावडरच घरात ठेवावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

दुसरी वेळ म्हणजे पडद्यावर आकड्याऐवजी 'हाय' ही इंग्रजी अक्षरं येणं. बहुतेक मशीनवर याचा अर्थ ६०० च्या वर. साबणाने हात धुऊन एकदाच परत बघा. परत तेच आलं, किंवा आकडा खूप वर असून उलट्या, धाप, ग्लानी असं काही सोबत असेल, तर मशीन घेऊन दुकानात येऊ नका, पेशंटला घेऊन दवाखान्यात जा.

फरक किती आला तर बिघाड म्हणायचा?

घरगुती मशीनसाठी आयएसओ १५१९७ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे शंभरातले किमान ९५ आकडे लॅबच्या आकड्याजवळ यायला हवेत. जवळ म्हणजे, शुगर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर १५ टक्क्यांच्या आत, १०० च्या खाली असेल तर १५ अंकांच्या आत. उरलेले पाच आकडे याहून जास्त हुकले तरी ते मशीन पास.

आता वरच्या काकांचं बघा. खरी शुगर १६५ धरली तर १४१ पासून १८९ पर्यंत काहीही दाखवलं तरी मशीन नियमात बसतं. म्हणजे १८२ आणि १५१ हे दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, आणि त्यावरून गोळी कमी-जास्त करण्यासारखं काहीच घडलेलं नसतं. मन मानत नाही म्हणून लोक तिसरी स्ट्रिप मोडतात, मग चौथी, आणि त्यातला सगळ्यात लहान आकडा वहीत लिहितात! स्ट्रिप स्वस्त नाहीत. रोज एकाच वेळेचा एकच आकडा आठवडाभर लिहा. १५५, १६८, १४९, १७२ अशी ओळ दिसली तर डॉक्टरांना त्यातून पुरेसं कळतं. ओळीत मधेच २८० उगवला तर मात्र पुढे वाचा.

हात

द्राक्षाच्या हंगामात, साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, तासगाव-पलूसकडून येणाऱ्या तक्रारी वाढतात. बागेत घड हाताळून, बेदाण्याच्या शेडमधून आलेला माणूस हात पँटला पुसतो आणि बोट टोचतो. आकडा येतो तीनशेच्या घरात, आणि घरात रडारड.

हिशोब सोपा आहे. आजकालच्या स्ट्रिपला एक मायक्रोलिटर किंवा त्याहून कमी रक्त लागतं. शुगर १५० असताना एक मायक्रोलिटर रक्तात ग्लुकोज असतं दीड मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दीड भाग. बोटावर न दिसणारा द्राक्षरसाचा थर त्याहून कितीतरी जास्त ग्लुकोज बाळगून असतो. द्राक्षातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, साधारण निम्मं-निम्मं, त्यामुळे स्ट्रिप ती थेट मोजते. बेदाणा आणि मध यांचंही तसंच. चहातल्या साखरेचं वेगळं आहे. ती सुक्रोज, आणि स्ट्रिपवरचं एन्झाइम सुक्रोजला ओळखत नाही. गुळात आणि काकवीत सुक्रोजच्या जोडीला थोडं ग्लुकोज मोकळं असतं. म्हणून मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा हाताळणाऱ्या माणसानेही बेदाणेवाल्याइतकीच काळजी घ्यावी.

"पण मी स्पिरिटनं पुसतो की!" हे हमखास ऐकू येतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात लोकांना संत्री, द्राक्षं, किवी सोलायला लावून न धुतलेल्या बोटातून शुगर मोजली, तेव्हा आकडे खोटेच वर गेले. स्पिरिटच्या बोळ्याने पुन्हा पुन्हा पुसूनही ते पुरते खाली आले नाहीत. नळाखाली हात धुतल्यावर आले. कोरोनापासून पर्समध्ये बसलेल्या सॅनिटायझरचंही तेच समजा. शिवाय स्पिरिट वाळायच्या आत टोचलं तर ते रक्तात मिसळून आकडा बिघडतो तो वेगळाच.

तेव्हा साबण, साधं पाणी, आणि कोरडा स्वच्छ टॉवेल. हात ओले राहिले तर थेंब पातळ होऊन आकडा खाली येतो. थंडीत कोमट पाणी घ्या, रक्तही पटकन येतं. शेतात, एसटीत, पाणी नाहीच अशा ठिकाणी तपासायची वेळ आली तर पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा थेंब वापरा. हात धुतलेले असतील तर पहिला थेंब चालतो.

डबी

हात स्वच्छ असूनही आकडे भरकटत असतील तर माझा पुढचा संशय स्ट्रिपवर. स्ट्रिपवरचं एन्झाइम उष्णतेने आणि दमट हवेने मरतं, आणि मग आकडा वर जाईल की खाली याचा नेम नाही.

डबीवर तापमान छापलेलं असतं, बहुतेक कंपन्यांचं ३० अंशांपर्यंत. सांगलीत एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या घरात टीव्हीवर ठेवलेली डबी, गाडीच्या डिकीत राहिलेली डबी, चुलीजवळच्या फळीवरची डबी, या सगळ्यांचे आकडे मी तरी मानत नाही. मग कोणीतरी सल्ला देतं की इन्सुलिनबरोबर फ्रिजमध्ये ठेवा. तेही नको. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये हवं, स्ट्रिप नको. गार डबी बाहेर काढून उघडली की आत दव धरतं. घरातली सगळ्यात थंड, कोरडी खोली बघा, आणि तिथल्या कपाटातला खालचा कप्पा डबीला द्या.

पावसाळ्यात पाटण-कोयनानगर, महाबळेश्वरच्या बाजूला गोष्ट उलटी: ऊन नाही, पण हवेत ओल. डबीच्या झाकणात किंवा बुडाशी ओल शोषणारा पदार्थ कंपनीनेच बसवलेला असतो. झाकण लावायला विसरलं, किंवा स्ट्रिपा काढून कागदाच्या पुडीत, पाकिटात ठेवल्या, की त्याचा उपयोग संपला. स्ट्रिप काढायची, लगेच झाकण दाबायचं, मग बोट टोचायचं. ओल्या बोटाने दुसरी स्ट्रिप चाचपायची नाही. डबीत पाणी गेलं असेल, तर ती वाळवून वापरू नका, टाकून द्या. कृष्णेला पूर आला की कपाटं उपसून काढलेल्या घरांनी हे जास्त लक्षात ठेवावं.

डबीवर तारखा दोन बघायच्या असतात, एक नव्हे. छापलेली मुदत तर आहेच, पण बऱ्याच कंपन्यांच्या डब्या उघडल्यापासून तीन किंवा सहा महिन्यांतच संपवायच्या असतात. माहितीच्या कागदावर ते लिहिलेलं असतं. ज्यांना आठवड्यातून एकदाच तपासायचं असतं त्यांनी ५० ची डबी स्वस्त पडते म्हणून घेऊ नये, २५ ची घ्यावी. आणि उघडल्या दिवशी डबीवर पेनाने तारीख टाकावी. मी विकतानाच टाकायला सांगतो, घरी जाऊन कोण टाकतंय!

जुन्या पद्धतीच्या मशीनला डबीबरोबर आलेली कोडची चिप लावावी लागते, किंवा डबीवरचा नंबर पडद्यावर जुळवावा लागतो. नवी डबी, जुनाच कोड असं झालं तर आकडे सरळ एका बाजूला झुकतात. नव्या मशीनना बहुधा याची गरज पडत नाही.

थेंब

बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा. दुखतं कमी आणि रक्तही नीट येतं. सुई दर वेळी नवी. हात खाली सोडून, तळव्यापासून बोटाकडे हलकेच दाबत आणायचं. टोकाशीच जोर लावून पिळलं की रक्ताबरोबर आतलं पाणीही येतं आणि आकडा भलता होतो. रक्त येतच नसेल तर टोचायच्या पेनवरचा खोलीचा आकडा एकाने वाढवा.

स्ट्रिपची कड थेंबाला नुसती टेकवायची, ती स्वतः ओढून घेते. वरून थेंब टाकायचा नाही. रक्त कमी पडलं म्हणून मागून दुसरा थेंब लावायचा नाही. ती स्ट्रिप गेली असं समजा.

लॅबशी जुळवायचं असेल तर

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण लोक वेगवेगळ्या गोष्टींची तुलना करतात. सकाळी सातला घरी बघितलं, नऊला लॅबमध्ये रक्त दिलं, मधे स्कूटरवरून विश्रामबागेपर्यंत आले. दोन तासांत शुगर बदलणारच.

जेवणानंतरची तुलना तर करूच नका. मशीन बोटाच्या केशवाहिनीतलं रक्त मोजतं, लॅब शिरेतलं. उपाशीपोटी दोन्हींत फारसा फरक नसतो. जेवल्यावर मात्र बोटातल्या रक्तात ग्लुकोज जास्त असतं, कारण शिरेपर्यंत जाईतो शरीराने त्यातलं काही वापरलेलं असतं. त्यामुळे पीपीला, म्हणजे जेवणानंतरच्या तपासणीला, मशीन लॅबपेक्षा जास्त दाखवत असेल तर ते आपलं कामच करतंय.

लॅबचा आकडाही नेहमी देवाचा शब्द नसतो. काढून ठेवलेल्या रक्तातल्या पेशी ग्लुकोज खात राहतात. साध्या नळीत तसंच राहिलं तर ताशी ५ ते ७ टक्के कमी होत जातं. म्हणून शुगरसाठी फ्लोराइड घातलेली, बहुधा राखाडी टोपीची नळी असते, आणि तिचाही पूर्ण परिणाम व्हायला एक-दोन तास लागतात. गावातल्या कलेक्शन सेंटरवर घेतलेलं रक्त उन्हातून मिरजेपर्यंत जाणार असेल तर हे लक्षात ठेवा.

तेव्हा जुळवायचंच असेल तर असं करा. उपाशीपोटी मशीन घेऊन लॅबमध्ये जा. शिरेतून रक्त दिल्यावर पाच-दहा मिनिटांच्या आत, धुतलेल्या हाताच्या बोटातून स्वतःच्या मशीनवर मोजा. नळीतलं रक्त स्ट्रिपला लावू नका. रिपोर्ट आल्यावर १५ टक्क्यांचा हिशोब करा: लॅब १६० म्हणत असेल तर मशीनचं १३६ ते १८४ चालतं, ९० म्हणत असेल तर ७५ ते १०५. त्याच्या बाहेर गेलं तर नवी डबी उघडून परत एकदा हाच प्रयोग करा. दोन्ही वेळा एकाच बाजूला हुकलं, तरच मी मशीनवर शंका घेतो.

मशीन बरोबर, वेळ चुकीची

"उपाशीपोटीच बघितलंय. नुसता चहा घेतला होता." हा नुसता चहा दोन चमचे साखरेचा असतो. लिंबू-मध पाणी, पहाटे घेतलेला च्यवनप्राश, हेही खाणंच. फास्टिंग म्हणजे आठ तास पाण्याशिवाय काही नाही. एकादशीला 'उपवास होता तरी वाढली' म्हणणाऱ्या मावशींना साबुदाण्याच्या खिचडीबद्दल मी काही बोलत नाही, पण वहीत त्या दिवसापुढे 'खिचडी' लिहायला सांगतो.

पीपीचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे. लग्नाच्या पंगतीत या दोन्हींत तासाचा फरक पडतो.

रात्री हलकं जेवून, झोपताना १३० आणि सकाळी १७०, हेही मशीनच्या माथी मारलं जातं. पहाटे तीन-चारपासून शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन अशी संप्रेरकं वाढतात, यकृत ग्लुकोज सोडतं, आणि ते आवरायला इन्सुलिन कमी पडतं. काही रात्री मुद्दाम पहाटे तीनला तपासा. तेव्हा ठीक आणि सकाळी वर, तर हे पहाटेचं चढणं. तीनलाच ७० च्या खाली असेल तर गोष्ट वेगळी आणि जास्त काळजीची. रात्रीचा डोस जड होतोय का, हे डॉक्टरांना लगेच विचारा. स्वतः इन्सुलिन हलवू नका. ज्यांना शेतीची लाईट रात्रीची मिळते आणि उसाला पाणी पाजायला दोनला उठावं लागतं, त्यांची झोप, चहा आणि शुगर तिन्हींचं वेळापत्रक फिरतं. त्यांनी वहीत 'रात्री रानात' एवढं लिहिलं तरी डॉक्टरांचा अंदाज बरोबर येतो.

आणि हा प्रश्न: "सकाळची कायम १२०, मग एचबीए१सी ८ कसं?" एचबीए१सी ही रक्ततपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, ८ टक्के म्हणजे सरासरी १८३ च्या आसपास, ७ टक्के म्हणजे १५४. तुम्ही रोज फक्त सकाळची मोजता, ती नेमकी दिवसातली सगळ्यात चांगली असते. आठवड्यातले दोन दिवस दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी बघा, वाढ कुठे लपली आहे ते दिसेल.

रक्तच वेगळं असेल तर

हिमोग्लोबिन फार कमी असेल तर मशीन खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, रक्त दाट असेल तर कमी. गरोदर बायका आणि किडनीचे पेशंट यांनी हे डॉक्टरांच्या कानावर घालावं. ॲनिमियात एचबीए१सीसुद्धा फसवं होऊ शकतं. व्हिटॅमिन सी चे मोठे डोस चालू असतील तर काही स्ट्रिपवर आकडा फुगतो. पोटातून डायलिसिस चालू असलेल्यांनी कुठली स्ट्रिप चालेल हे किडनीच्या डॉक्टरांनाच विचारावं. त्या द्रवातल्या आयकोडेक्स्ट्रिनमुळे काही प्रकारच्या स्ट्रिप खोटा मोठा आकडा दाखवतात, आणि त्यावर इन्सुलिन घेतलं तर जीवावर बेतू शकतं.

काहीजण लघवीत साखर आली म्हणून मशीनला खोटं ठरवतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात. तिथे साखर दिसायचीच.

किरकोळ

एरर आला की सोबतच्या पुस्तिकेत नंबर बघा. बहुतेकदा रक्त कमी, वापरलेली स्ट्रिप, बॅटरी किंवा मशीन फार तापलेलं, यातलंच एक निघतं. घड्याळ चुकीचं असेल तर मेमरीतले आकडे डॉक्टरांच्या कामाचे नाहीत, बॅटरी बदलली की तारीख-वेळ लावा. पोराने परदेशातून पाठवलेल्या मशीनवर ८.५ दिसलं तर घाबरू नका, ते मिलिमोल या वेगळ्या मापात आहे. १८ ने गुणा, १५३ येतील.

एकाच मशीनवर अख्ख्या गल्लीची शुगर बघायची पद्धत मात्र मला अजिबात पसंत नाही. मेमरीतली सरासरी सगळ्यांची मिळून होते हे सोडा, टोचायचा पेन सुई बदलूनही दुसऱ्याला देऊ नये. त्याच्या टोकाला राहिलेल्या रक्तातून हिपॅटायटिस बी पसरू शकतो. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा. नाहीतर घंटागाडीवर हाताने कचरा वेगळा करणाऱ्यांच्या बोटात त्या जातात.

एवढं सगळं करूनही नव्या डबीचे आकडे लॅबपासून एकाच बाजूला दूर जात असतील, तर मशीन, बिल आणि तो लॅबचा रिपोर्ट घेऊन या. कंपनीचं कंट्रोल सोल्यूशन, म्हणजे ठरावीक ग्लुकोज असलेला तपासणीचा द्रव, मिळालं तर त्यावर तपासू. ते सगळ्या दुकानांत ठेवलेलं नसतं, बऱ्याचदा मागवावं लागतं. त्यातही नापास झालं तर वॉरंटीत बदलून मिळतं. नवं विकतच घ्यायचं ठरलं तर मशीनचा भाव नंतर विचारा. आधी त्या मशीनच्या स्ट्रिपचा भाव विचारा, आणि जत, आटपाडी, माण, जिथे राहता तिथल्या दुकानात त्या बारा महिने मिळतात का, तेही विचारा.